लाल अक्षरांतली नावे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात मराठी विकिपीडियावर स्त्रियांची चरित्रे लिहिणाऱ्या स्वयंसेवकांविषयी लिहिले होते आणि युद्धात, सशस्त्र लढ्यांत किंवा शांततेच्या कामात आयुष्य घातलेल्या स्त्रियांवर वाचकांनीही लेख लिहावेत असे आवाहन केले होते. त्यावर बरीच पत्रे आली. ज्यांतले प्रश्न इतरांनाही पडले असतील अशी सहा पत्रे येथे थोडी आटोपशीर करून घेतली आहेत. गेली काही वर्षे मी स्वतः हे काम करते, त्यामुळे उत्तरांत नियमांबरोबर अनुभवही आला आहे.

प्रश्न : आमच्या गावातल्या एका आजींनी पत्री सरकारच्या काळात भूमिगतांना भाकरी पोहोचवल्या, निरोप नेले आणि पोलिसांचा मारही खाल्ला. त्यांच्यावर मी विकिपीडियावर लेख लिहिला. ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही’ असे कारण देऊन तो दोन दिवसांत काढून टाकण्यात आला. जिवावर उदार होऊन भाकरी पोहोचवणे उल्लेखनीय नाही, असे हे लोक कोणत्या अधिकाराने ठरवतात?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, आपला राग रास्त आहे, पण तो ज्या स्वयंसेवकावर निघाला आहे त्याच्या वाट्याला तो यायला नको. सगळा घोटाळा ‘उल्लेखनीयता’ या शब्दाने केला आहे. मराठीत तो शब्द कर्तृत्वाचे मोल केल्यासारखा ऐकू येतो, आणि आपल्या आजींचे मोल कोणा अनोळखी माणसाने संगणकासमोर बसून शून्य ठरवले असे वाटणे साहजिक आहे. विकिपीडियावर त्या शब्दाचा अर्थ फार मर्यादित आहे. त्या व्यक्तीशी संबंध नसलेल्या लोकांनी, संपादकीय तपासणी होणाऱ्या प्रकाशनांत, तिच्याविषयी पुरेशा विस्ताराने लिहिले आहे का, एवढेच तेथे पाहिले जाते. विश्वकोश स्वतः संशोधन करीत नाही; जे आधी छापून आले आहे त्याचेच तो संकलन करतो. म्हणून लेख काढणाऱ्याने आजींना नाकारले नाही. त्यांच्याविषयीचा कागद त्याला सापडला नाही.

खरा अन्याय त्यामुळेच खूप आधी झालेला आहे. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचाही मोठा भाग त्यात आला, प्रति सरकार (ब्रिटिश सत्तेविरुद्धचे समांतर सरकार; लोकांच्या तोंडी पत्री सरकार) टिकले ते गावोगावच्या अशा घरांवर. पण भाकरी पोहोचवणाऱ्या बाईवर खटला भरला गेला नाही, म्हणून निकालपत्र नाही. शिक्षा झाली नाही, म्हणून तुरुंगाचा दाखला नाही. दाखला नाही, म्हणून पुढे निवृत्तिवेतनाची फाईल नाही आणि सन्मानपत्रही नाही. बंदूक उचलणाऱ्याच्या मागे कागद तयार होत गेले. त्याला लपवणारीच्या मागे फार तर घरच्यांच्या आठवणी राहिल्या, त्याही तिच्या नातवंडांपर्यंतच.

हौसाताई पाटील यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्या क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या आणि प्रति सरकारच्या तूफान सेना या सशस्त्र दलाच्या कामात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या कार्यकर्त्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या मारहाणीचे नाटक करून पोलिसांना बाहेर काढायचे आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या रायफली पळवायच्या, या बेतात मार खाणारी बायको त्या झाल्या होत्या, आणि नाटक खरे वाटावे म्हणून तो मार त्यांना खराच बसला होता. ही हकीकत आज देशभर माहीत आहे, कारण त्यांनी नव्वदी गाठली आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्याशी बोलून ती ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ती भेट झाली नसती आणि वडिलांचे नाव एवढे मोठे नसते, तर हौसाताईंचा लेखही आपल्या आजींच्या लेखासारखाच अडखळला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग आपण काय करावे? आधी कागद शोधावा. राज्याच्या दर्शनिका (गॅझेटिअर) विभागाने काढलेले स्वातंत्र्यसैनिकांचे विभागवार चरित्रकोश पाहावेत, आणि ते पाहताना आजींचे नाव सापडले नाही म्हणून ग्रंथ लगेच मिटू नये. त्यांच्या नवऱ्याच्या, दिराच्या, भावाच्या नोंदीही वाचाव्यात, कारण बायकांची कामे अनेकदा तेथे एका वाक्यात येतात. एका जिल्हा ग्रंथालयात मी तीन दिवस एका बाईंचे नाव शोधत होते. ते मिळाले ते एका स्मरणिकेत, छायाचित्राखालच्या ओळीत, ‘व त्यांच्या सौभाग्यवती’ या शब्दांपुढे कंसात. गावच्या शाळेचे सुवर्णमहोत्सवी अंक, सहकारी संस्थांच्या स्मरणिका, त्या काळातल्या कार्यकर्त्यांची आत्मचरित्रे, स्थानिक वृत्तपत्रांचे ९ ऑगस्टचे अंक, सारे चाळावे. एवढे करून दोन-तीन स्वतंत्र आणि विस्तृत उल्लेख हाती आले, तर लेख पुन्हा लिहावा, या वेळी आधी आपल्या धूळपाटीवर (कच्च्या लेखनाच्या पानावर), आणि तो मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रसिद्ध लेखांच्या भागात, नेण्यापूर्वी ज्याने आधीचा लेख काढला त्याच्याच चर्चापानावर जाऊन त्याला वाचायला द्यावा. यातले निम्मे भांडण तेथेच मिटते.

एकच ओझरता उल्लेख सापडला, तर स्वतंत्र लेखाचा आग्रह सोडून तो उल्लेख संदर्भासह प्रति सरकारच्या किंवा गावाच्या लेखात घालावा. आणि काहीच सापडले नाही, तर आपल्याला ते छापील रूपात आणावे लागेल. आजी हयात असतील तर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे, नसतील तर त्यांच्याबरोबरीच्या बायकांचे. तारीख, स्थळ आणि माणसांची नावे जिथे मिळतील तिथे इतर नोंदींशी ताडून पाहावीत, आणि एखाद्या नियतकालिकाकडे किंवा इतिहास मंडळाच्या अंकाकडे लेख पाठवावा. तो छापून आला की त्याचा आधार विकिपीडियावर मात्र दुसऱ्या कोणाला तरी घेऊ द्यावा. हे लांबणारे काम आहे हे मला ठाऊक आहे. पण ऐंशी वर्षांपूर्वी राहून गेलेले लेखन आता कोणाला तरी करावेच लागणार, आणि त्या गावात राहणाऱ्या शिक्षकाइतका त्या कामाला योग्य माणूस दुसरा नाही.

प्रश्न : चरित्र हे चरित्र असते, ते पुरुषाचे की स्त्रीचे, याने काय फरक पडतो? केवळ स्त्रियांवर लेख लिहिण्याच्या मोहिमा चालवणे हा विश्वकोशाच्या तटस्थतेला धक्का नाही का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तटस्थता लेखातल्या मजकुराला लागू होते. कोणी कोणत्या विषयावर लिहावे हे ठरवण्याचा अधिकार विकिपीडियावर कोणालाही नाही. एखादा स्वयंसेवक फक्त गडकिल्ल्यांवर लिहितो, दुसरा फक्त क्रिकेटपटूंवर, आणि त्यांना पक्षपाती म्हणायचे कोणाच्या मनातही येत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर २०१४ च्या अखेरीस जेवढी चरित्रे होती त्यांत स्त्रियांची सुमारे साडेपंधरा टक्के होती. जुलै २०१५ मध्ये ‘विमेन इन रेड’ नावाचा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. ज्या नावाचा लेख अजून लिहिलेला नाही त्याचा दुवा विकिपीडियावर लाल दिसतो आणि लेख झाला की तो निळा होतो. त्यावरून हे नाव. महिन्यामहिन्याला विषय ठरवून, लाल नावांच्या याद्या करून, देशोदेशींच्या लोकांनी हे काम केले, आणि आज ते प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आले आहे. दहा वर्षांच्या एवढ्या मेहनतीने साडेचार टक्के. इतक्या मेहनतीनंतरही आकडा एवढाच हलला, कारण स्रोतच कमी आहेत, हे आधीच्या उत्तरात आलेच आहे.

पण केवळ स्रोतांचाच प्रश्न आहे असेही नाही; पाहणाऱ्याच्या नजरेचाही आहे. डॉना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीवरच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला होता. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि काही तासांत लेख तयार झाला. मे महिन्यातही त्या त्याच शास्त्रज्ञ होत्या. युद्धाच्या विषयात ही नजर आणखी कडक होते, कारण लढाईवरचे लेख सेनापती, तुकड्या आणि पराभव-विजय यांच्या चौकटीत लिहिले जातात, आणि रुग्णालयात, संदेशवहनात, तळघरातल्या छापखान्यात असणाऱ्या बाईला त्या चौकटीत जागाच नसते.

प्रश्न : महाराणी ताराबाईंच्या चरित्रात मी ‘रणरागिणी’, ‘महापराक्रमी’, ‘भद्रकालीचा अवतार’ असे शब्द घातले होते. कोणी तरी ते सगळे काढून लेख कोरडा करून टाकला. आपल्याच इतिहासातल्या स्त्रीचा गौरव मराठी विश्वकोशात करायचा नाही, तर कोठे करायचा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ज्याने ते शब्द काढले त्याच्या बाजूने मी आहे, आणि त्याचे कारण ताराबाईंविषयीचा आदरच आहे.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या. त्या दिवसापासून १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू होईपर्यंत, मुलाला गादीवर बसवून, राज्याचा कारभार आणि युद्ध दोन्ही त्यांनी चालवले. मराठ्यांच्या फौजा त्या काळात नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत जाऊ लागल्या. हे एवढे वाक्य, साल आणि संदर्भ देऊन, नीट लिहिले की ‘महापराक्रमी’ या शब्दाला काम उरत नाही. उलट तो शब्द ठेवला आणि तपशील गाळला, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही, कारण तेच विशेषण आपण दहा जणींना लावतो आणि त्या दहा जणी एकसारख्या दिसू लागतात.

विशेषणे अजिबात येऊ नयेत असे नाही. ती कोणाची आहेत हे सांगावे. एका समकालीन कवीने ताराबाईंना कोपलेल्या भद्रकालीची उपमा दिली, हे वाक्य विश्वकोशात खुशाल येऊ शकते, कारण ते त्या काळातल्या लोकांना त्या कशा दिसल्या हे सांगते. मोगलांच्या बाजूने लिहिणारा आणि मराठ्यांविषयी एरवी कडवट असणारा इतिहासकार खाफीखान यानेही त्यांच्या बुद्धीची आणि कारभाराची प्रशंसा केली आहे. शत्रूच्या लेखणीतून आलेली अशी एक ओळ, योग्य संदर्भासह, आपल्या दहा विशेषणांपेक्षा भारी ठरते.

दुसरे असे की ‘रणरागिणी’ हा शब्द सात वर्षांचा आहे, आणि ताराबाई शहाऐंशी वर्षे जगल्या. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर झालेला संघर्ष, कोल्हापूरची वेगळी गादी, पुढचा बंदिवास, आणि १७५० मध्ये, म्हणजे पंचाहत्तरीच्या सुमारास, ज्या रामराजांना त्यांनीच नातू म्हणून पुढे आणले होते त्यांनाच साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून तो आपला नातू नव्हे असे जाहीर करणे, हे सारे त्याच बाईने केले. त्यातले काही आपल्याला आवडणार नाही. पण गौरवाच्या शब्दांनी सुरू झालेला लेख या प्रसंगांशी आला की गप्प होतो, आणि मग आपण एका मोठ्या राजकारणी स्त्रीची फक्त तलवार तेवढी शिल्लक ठेवतो.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला रोज दिसते. मराठीत स्त्रीच्या चरित्राचे पहिले वाक्य फार वेळा ‘अमुक या तमुक यांच्या पत्नी होत’ असे लिहिले जाते. वरच्या उत्तरात हौसाताईंची ओळख करून देताना मीही ‘नाना पाटील यांच्या कन्या’ असेच सुरू केले आहे. पत्रोत्तरात ते चालून जाईल. विश्वकोशाच्या पहिल्या वाक्यात तिने स्वतः काय केले तेच यावे आणि नाती खाली, वैयक्तिक आयुष्याच्या भागात, यावीत. त्याचप्रमाणे पुरुषासाठी ‘ते’ आणि स्त्रीसाठी ‘ती’, पुरुषासाठी आडनाव आणि स्त्रीसाठी नुसते पहिले नाव, असा भेद एकाच लेखात नकळत शिरतो. लेख पूर्ण झाल्यावर फक्त सर्वनामांसाठी तो एकदा वाचून पाहावा.

प्रश्न : मी इंग्रजी लेखांचे मराठी भाषांतर करू इच्छितो आणि सावित्रीबाई खानोलकर यांच्यापासून सुरुवात करण्याचा विचार आहे. दोन अडचणी आहेत. त्यांचे जन्मनाव पूर्ण वेगळे असल्याने लेखाला कोणते नाव द्यावे? आणि विकिपीडियाच्या भाषांतर साधनातून येणारा यांत्रिक मराठी मजकूर कितपत वापरावा?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : निवड फार चांगली आहे. स्वित्झर्लंडमधल्या नशातेल येथे २० जुलै १९१३ रोजी ईव्ह इव्हॉन माडे द मारोस या नावाने जन्मलेली मुलगी १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून सावित्रीबाई खानोलकर झाली. स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांच्या सांगण्यावरून परमवीर चक्राचा आराखडा त्यांनी केला. महावीर चक्र आणि वीर चक्र यांचे आराखडेही त्यांचेच. युद्धभूमीवर न गेलेली ही स्त्री भारताच्या प्रत्येक युद्धाच्या इतिहासात अशा रीतीने हजर आहे. पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे त्यांच्या जावयाचे भाऊ होते.

नियम असा की ज्या नावाने व्यक्ती सर्वाधिक ओळखली जाते ते लेखाचे शीर्षक असावे आणि इतर नावांनी शोधणाराही त्याच लेखावर पोहोचेल असे पुनर्निर्देशन करावे. म्हणून शीर्षक सावित्रीबाई खानोलकर, आणि जन्मनाव पहिल्या वाक्यात. ही सवय प्रत्येक स्त्रीच्या लेखात ठेवावी, कारण माहेर आणि सासर या दोन आडनावांत विभागलेली बाई संदर्भग्रंथांतही दोन ठिकाणी विखुरलेली असते. १९४३ मध्ये सिंगापूरला आझाद हिंद सेनेच्या झाशी राणी पलटणीचे नेतृत्व करणाऱ्या डॉक्टर त्या काळच्या कागदांत लक्ष्मी स्वामीनाथन आहेत, आणि २००२ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवणाऱ्या उमेदवार लक्ष्मी सहगल आहेत. एकाच नावाने शोधणाऱ्याला अर्धेच आयुष्य सापडते.

भाषांतर साधनातला मजकूर कच्चा खर्डा म्हणून घ्यावा, त्याहून जास्त नाही. लष्करी विषयात तर डोळ्यांत तेल घालून तपासावा, कारण ‘प्रायव्हेट’ हा सैनिकाचा हुद्दा ‘खासगी’ होऊ शकतो, ‘मेजर’ ‘प्रमुख’ होऊ शकतो आणि ‘जनरल’ ‘सामान्य’. इंग्रजी लेखातला दावाही डोळे झाकून उचलू नये. परमवीर चक्रावर शिवछत्रपतींच्या भवानी तलवारीची प्रतिमा आहे, असे अनेक लेखांत लिहिलेले आढळते. पदकाच्या सरकारी वर्णनात मात्र इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आणि मध्यभागी राजचिन्ह एवढेच आहे. मराठी माणसाला पहिली गोष्ट आवडणार हे उघड आहे. तरी सरकारी वर्णन आधी द्यावे आणि दुसरी गोष्ट कोण सांगते ते नोंदवून मग ती द्यावी.

प्रश्न : ‘युद्ध’ म्हटल्यावर नावे भराभर सुचतात, पण ‘शांतता’ म्हटल्यावर कोणाला घ्यावे हेच कळत नाही. समाजकार्य करणारी प्रत्येक स्त्री त्यात येते का?
— एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : नाही, प्रत्येक नाही, तसे केले तर त्या शब्दाला अर्थच उरणार नाही. संघर्ष चालू असताना किंवा नुकताच थांबला असताना दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी राहून जिने काम केले, अशा स्त्रीचा मी विचार करते. आपल्याच शहराचे उदाहरण घ्या. निर्मला देशपांडे यांचा जन्म १९२९ मध्ये नागपूरला, पु. य. आणि विमलाबाई देशपांडे या लेखक दांपत्याच्या घरी झाला. तरुणपणी त्या विनोबांच्या भूदान पदयात्रेत सामील झाल्या आणि देशभर हजारो किलोमीटर चालल्या. पुढे पंजाब आणि काश्मीर धुमसत असताना त्या तेथे शांतियात्रा घेऊन गेल्या. कारगिलचे युद्ध होऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा मार्च २००० मध्ये भारतातल्या स्त्रियांची शांतता बस दिल्लीहून लाहोरला गेली, त्या उपक्रमात त्या आघाडीवर होत्या. २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, १ मे २००८ रोजी त्या गेल्या, आणि त्यानंतर पाकिस्तान सरकारनेही त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. दोन्ही देशांनी गौरवलेली माणसे फार थोडी आहेत, आणि त्यांतली एक नागपूरची आहे.

असे चरित्र लिहिणे लढाईच्या चरित्रापेक्षा अवघड जाते, हे आपल्याला लवकरच जाणवेल. लढाईला तारीख असते, जागा असते, निकाल असतो. शांततेच्या कामात दंगल झाली नाही, माणसे एकमेकांशी बोलली, बस गेली आणि परत आली, असे घडते, आणि न घडलेल्या दंगलीची बातमी छापून येत नाही. म्हणून ‘त्यांच्यामुळे शांतता प्रस्थापित झाली’ असे मोघम वाक्य लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्या कोठे गेल्या, कोणाबरोबर गेल्या, कोणाला भेटल्या, एवढेच लिहावे. राज्यसभेतली त्यांची भाषणे हा त्यांच्याबाबतीत उत्तम आणि फारसा वापरला न गेलेला स्रोत आहे, पण ते त्यांचे स्वतःचे शब्द असल्याने त्यांची मते सांगण्यापुरतेच वापरावेत. आणि याच नावाच्या मराठी लेखिकाही आहेत, तेव्हा नि:संदिग्धीकरण पान, म्हणजे एकाच नावाच्या व्यक्तींचे वेगवेगळे लेख दाखवणारे पान, करायला विसरू नये.

शांततेत गणवेशातल्या स्त्रियाही येतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव करून शांतताप्रक्रियेत स्त्रियांना स्थान देण्याचे तत्त्व मान्य केले, आणि २००७ मध्ये लायबेरियात गेलेली भारतातल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिलांची तुकडी ही संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली अशी पहिली तुकडी ठरली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकून लेफ्टनंट जनरल झालेल्या बालरोगतज्ज्ञ माधुरी कानिटकर यांना युद्धाच्या यादीत घालावे की शांततेच्या, असे आपण विचारलेत तर मी म्हणेन, दोन्ही वर्ग लावावेत.

प्रश्न : माझ्या आजीने १९५५ मध्ये गोव्यात सत्याग्रह केला आणि ती पोर्तुगिजांच्या तुरुंगात होती. तिच्यावर मी लेख लिहिला तर चालेल का? तिचा एक जुना फोटो घरात आहे, तो टाकता येईल का?
— एक वाचक, म्हापसे

उत्तर : नियम आपल्याला रोखत नाही, पण नात्यातल्या माणसाने थेट लेख लिहू नये असा संकेत आहे आणि तो मला पटतो. आपण लेखाच्या चर्चापानावर नाते उघड सांगावे, हाती असलेले संदर्भ तेथे मांडावेत आणि दुसऱ्या संपादकाला लिहू द्यावे. तारखा-नावांतल्या चुका आपल्याइतक्या अचूकपणे दुसरे कोणी पकडणार नाही, तेव्हा तपासणीचे काम जरूर करावे.

गोव्याच्या बाबतीत संदर्भांची स्थिती साताऱ्यापेक्षा जरा बरी आहे. पां. पु. शिरोडकर यांनी संपादित केलेला गोवा, दमण आणि दीवच्या स्वातंत्र्यसैनिकांचा इंग्रजी परिचयकोश १९८६ मध्ये निघाला आहे. तो आधी पाहावा. आजींना शिक्षा झाली असेल तर लष्करी न्यायालयाचे पोर्तुगीज कागद असण्याचा संभव आहे. त्यांत नाव शोधताना लक्षात ठेवावे की पोर्तुगीज लेखनात ‘श’साठी ‘एक्स’ हे अक्षर येते आणि आपली नावे पहिल्या नजरेत ओळखू येत नाहीत. त्याच वर्षी म्हापशातच सत्याग्रह करून अटक झालेल्या सुधाताई जोशी यांच्याविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. त्या लेखनात बरोबरीच्या स्त्रियांची नावे येतात का, तेही पाहावे.

लिबिया लोबो सरदेसाई यांच्यावरचा लेख नमुना म्हणून वाचावा, असे मी सुचवेन. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत सीमेवरच्या जंगलातून त्यांनी आणि वामन सरदेसाई यांनी गुप्त नभोवाणी चालवली, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची घोषणा केली. पण जुन्या लेखनात त्या बहुधा ‘वामन सरदेसाई व त्यांच्या सहकारी’ एवढ्याच शब्दांत येतात, आणि पद्मश्री त्यांच्या नावापुढे लागली ती २०२५ मध्ये, वयाची शंभर वर्षे उलटल्यावर. याउलट मुंबईत १९४२ मध्ये ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन १२ नोव्हेंबरला पकडले गेलेले काँग्रेस रेडिओ हे गुप्त नभोवाणी केंद्र जेमतेम तीन महिने चालले, तरी उषा मेहता यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. त्यांच्यावर खटला चालला, त्याची कागदपत्रे झाली, आणि पुढे त्या स्वतः मुलाखतींतून बोलल्या. सहा वर्षे न पकडले गेलेल्या केंद्राची तशी फाईल कोठून असणार?

फोटोविषयी थोडक्यात. फोटो आपल्या घरात असला तरी त्याचा स्वामित्वहक्क सामान्यतः तो काढणाऱ्याकडे असतो. स्टुडिओत काढलेला असेल तर मागच्या बाजूला बहुधा स्टुडिओचा शिक्का आणि कधी कधी वर्ष असते. घरातल्याच कोणी काढला असेल आणि त्या व्यक्तीचे वारस आपण असाल, तर मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर तो आपल्याला देता येईल. मात्र एकदा दिला की कोणीही, व्यावसायिक कारणासाठीसुद्धा, तो वापरू शकतो, हे घरच्या सगळ्यांना आधी सांगावे. फोटो स्कॅन करताना मागची बाजूही करावी. आजींच्या हस्ताक्षरात तेथे काही लिहिलेले असेल, तर ते पुसट होण्याआधी उतरवून घ्यावे.